कठीण आई, पातळ आई : मेंदूच्या आवरणांचा शोध

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती तीन आवरणे असतात. कवटीच्या आतल्या अंगाला चिकटलेले सर्वांत बाहेरचे आवरण जाड, पांढुरके आणि चिवट असते. त्याला वैद्यकात ड्यूरा मेटर म्हणतात. त्याच्या आत अ‍ॅरॅक्नॉइड हे कोळिष्टकासारखे तलम आवरण, आणि सर्वांत आत पाया मेटर. हा शेवटचा पापुद्रा मेंदूच्या प्रत्येक वळीत उतरून त्याला घट्ट बिलगलेला असतो. अ‍ॅरॅक्नॉइड आणि पाया मेटर यांच्या मधल्या जागेत पाण्यासारखा नितळ द्रव खेळत असतो. मेंदू त्यात अक्षरशः तरंगतो. बाहेर काढल्यावर सुमारे १४०० ग्रॅम भरणाऱ्या मेंदूचा भार त्या द्रवात ५० ग्रॅमच्या आसपासच उरतो.

ज्याने घरी भेजा केला आहे, त्याच्या हाताला यातली दोन आवरणे ओळखीची असतात. बकऱ्याचा भेजा हळदीच्या कोमट पाण्यात ठेवायचा आणि लाल शिरांसकट त्याच्यावरचा पातळ पापुद्रा नखाने उचलून अलगद ओढून काढायचा, ही स्वयंपाकघरातली रीत. तो पापुद्रा म्हणजे अ‍ॅरॅक्नॉइड आणि पाया मेटर. ड्यूरा खाटकाच्या दुकानातच, कवटी फोडताना तिच्याबरोबर गेलेला असतो, आणि द्रव ओंडक्यावर सांडून गेलेला असतो. आवरणांच्या साऱ्या इतिहासाची अडचण या साध्या कामात दिसते. डोके फोडल्याशिवाय आवरणे दिसत नाहीत आणि फोडले की ती जशी होती तशी राहत नाहीत. ज्याने ज्या रीतीने डोके उघडले, त्या रीतीने जे वाचवले तेवढेच त्याला दिसले.

या आवरणांचा सर्वांत जुना लेखी उल्लेख इजिप्तमधला आहे. एडविन स्मिथ या अमेरिकी गृहस्थाने १८६२ मध्ये लक्झर येथे पपायरसची एक गुंडाळी विकत घेतली. ती इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास लिहिलेली असली तरी तिच्यातला मजकूर त्याहून बराच जुना मानला जातो. तिच्यात ४८ रुग्णांची, म्हणजे खरे तर ४८ जखमांची वर्णने आहेत. डोक्यापासून सुरू होऊन खाली उतरत जाणारी. सहाव्या वर्णनातल्या माणसाची कवटी फुटून मेंदू उघडा पडला आहे. वितळलेल्या तांब्यावर उमटतात तशा त्याच्या वळ्या दिसतात, वरचे आवरण फाटले आहे, आतला द्रव बाहेर आला आहे, आणि बोट लावले तर लहान मुलाची टाळू बुजण्याआधी लागते तशी धडधड लागते. हे लिहिणाऱ्याने जखमी माणसाच्या डोक्यात खरोखर बोट घातले होते, याविषयी शंका राहत नाही. टाळूची उपमाही नेमकी आहे. बाळाची टाळू तेलाने भरताना बोटाला जी धडधड लागते तिथे हाड नसते. कातडीखाली सरळ ड्यूरा असतो. लेखकाने या रुग्णाविषयीचा निर्णयही देऊन ठेवला आहे : उपचार करू नयेत.

ग्रीकांनी उपचार केले. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत डोक्याच्या जखमांवर एक स्वतंत्र लेख आहे, आणि त्यात कवटीला भोक पाडण्याची कृती एखाद्या कारागिराने सांगावी तशी सांगितली आहे. करवत फिरवताना ती मधूनमधून काढून थंड पाण्यात बुडवावी, नाही तर तापून हाड भाजते. खाचेत सळई घालून खोली पाहत राहावे. आणि करवत थेट आवरणापर्यंत नेऊ नये. शेवटचा पातळ पदर तसाच ठेवावा, तो पुढे आपोआप सुटून येतो. आवरण उघडे पडले की ते सुजते आणि सडते, हे त्यांना अनुभवाने कळले होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्ससने लॅटिनमध्ये या कामाच्या एका खास हत्याराची नोंद केली. ती काशाची किंचित बाकदार, बाहेरच्या अंगाने गुळगुळीत पट्टी होती. हाडाची कड छिनीने तासताना ती हाड आणि आवरण यांच्यामध्ये सरकवायची, म्हणजे छिनी घसरली तरी पट्टीवर आपटते. ग्रीक भाषेत तिचे नाव होते मेनिंगोफिलॅक्स, म्हणजे आवरणाचा राखणदार. ‘मेनिंक्स’ हा त्यातला ग्रीक शब्द कोणत्याही पापुद्र्यासाठी वापरला जात असे. मेनिन्जायटिस आणि मेनिन्जिओमा ही आजची नावे त्याच्यावरूनच आली.

शल्यकर्म करणाऱ्यांना आवरण म्हणजे एक धोका होता. ते आहे तरी काय, हा प्रश्न अलेक्झांड्रियात विचारला गेला. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात तिथे हेरोफिलस आणि इरॅसिस्ट्रेटस यांना माणसाची प्रेते उघडण्याची मुभा होती. ड्यूराच्या दोन पदरांमध्ये रक्त वाहून नेणारे रुंद पाट असतात आणि ते डोक्याच्या मागच्या बाजूला एकत्र मिळतात, हे हेरोफिलसने पाहिले. त्या संगमाला त्याने द्राक्षे तुडवून रस गोळा करण्याच्या हौदाचे नाव दिले. लॅटिनमधून आलेले ‘टॉर्क्युलर हेरोफिली’ हे त्याचे नाव वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आजही पाठ करावे लागते.

त्यानंतर माणसाचे शवविच्छेदन बंद पडले आणि गेलनच्या काळापर्यंत काम जनावरांवर आले. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या गेलनने विद्यार्थ्यांना दिलेला एक सल्ला वाचण्यासारखा आहे : बैलाचे मेंदू मोठ्या शहरांत कवटीतून काढून तयार विकायला असतात, ते आणावेत, बाजूला जास्तीचे हाड राहिले असेल तर ते विकणाऱ्याकडूनच काढून घ्यावे. म्हणजे पुढची तेराशे वर्षे ज्या वर्णनावर जगाचे वैद्यक चालले, त्याचा माल खाटकाकडून आला होता. गेलनने आवरणे दोनच मोजली, एक जाड आणि एक पातळ. बाजारातल्या मेंदूत तिसरे वेगळे दिसायची सोय नव्हती.

या दोन आवरणांना त्यांची आजची नावे एका भाषांतरामुळे मिळाली. गेलनचे ग्रंथ अरबीत गेले तेव्हा त्यातल्या पापुद्र्यांना ‘उम्म’, म्हणजे आई, हा शब्द लागला. वस्तूंमधला संबंध नात्याच्या शब्दांनी सांगायची अरबीची लकब आहे. जी वेढते, सांभाळते ती आई. दहाव्या शतकातला इराणी वैद्य अली इब्न अल-अब्बास याच्या मोठ्या ग्रंथात जाड आवरण ही मेंदूची कठीण आई आहे आणि आतले आवरण ही पातळ आई. ११२७ मध्ये अँटिऑक येथे स्टीफन नावाच्या भाषांतरकाराने हा ग्रंथ लॅटिनमध्ये आणला, आणि या नावांचे श्रेय सामान्यतः त्यालाच दिले जाते. कठीणसाठी त्याने ‘ड्यूरा’ घेतला, तो बरोबर बसला. पातळसाठी मात्र ‘पाया’ घेतला, आणि त्या शब्दाचा अर्थ मायाळू, भाविक, धर्मशील असा आहे. अशा रीतीने मेंदूला चिकटलेला ओलसर पापुद्रा युरोपात भाविक माता झाला आणि तसाच राहिला. मराठीत या दोघींना दृढतानिका आणि मृदुतानिका म्हणतात, मधल्या आवरणाला जालतानिका. या भाषांतरात भाविकपणा गेला हे बरेच झाले, पण त्याबरोबर आईही गळाली.

युरोपात चौदाव्या शतकापासून माणसाची प्रेते पुन्हा उघडली जाऊ लागली. प्रेत टिकत नसे, म्हणून आधी पोट, मग छाती, आणि त्यानंतर डोके. तोवर मेंदू मऊ पडून वाहायच्या बेतात असे. वेसेलियसने १५४३ मधल्या आपल्या महाग्रंथाच्या सातव्या भागात डोक्याची चित्रे क्रमाने दिली आहेत. पहिल्यात कवटीचे झाकण काढून ड्यूरा उघडा केलेला, आणि पुढच्या चित्रांत एकेक पदर बाजूला सारत आत उतरायचे. चित्रे अप्रतिम आहेत, पण मेंदू कवटीतच ठेवून वरून थर थर काढत जायची ही पद्धत खालच्या बाजूला पोहोचेपर्यंत सगळे विस्कटून टाकी. बोलोन्याच्या कॉस्तान्झो वारोलिओने १५७३ मध्ये ती उलटी केली. त्याने मेंदू बाहेर काढला आणि तळाकडून पाहिला. तळाशी बाहेरची आवरणे मेंदूपासून दूर सरकलेली असतात, तिथे मधली जागा ऐसपैस असते. तिसऱ्या आवरणाची चाहूल लागायला सुरुवात झाली ती यानंतर.

नाव पडायला मात्र आणखी शंभर वर्षे गेली. १६६०च्या दशकात अ‍ॅम्स्टरडॅममध्ये गेरार्ड ब्लासियस आणि त्याचे काही वैद्य मित्र खासगी मंडळी जमवून विच्छेदने करीत. १६६४ च्या सुमारास त्यांनी पाया मेटरच्या वर एक स्वतंत्र, जवळजवळ पारदर्शक पडदा असल्याचे दाखवले आणि त्याला कोळ्याच्या जाळ्यावरून अ‍ॅरॅक्नॉइड म्हटले. तो फक्त काही ठिकाणी आहे की सगळीकडे, हे ठरत नव्हते. १६९९ मध्ये त्याच शहरातल्या फ्रेडरिक रॉइशने पडद्याखाली हवा फुंकली. फुगलेला पडदा मेंदूच्या साऱ्या पृष्ठभागावरून उचलला गेला आणि वाद मिटला. हाच रॉइश प्रेते आणि अवयव वर्षानुवर्षे टिकवण्यात इतका निष्णात होता की त्याचा संग्रह १७१७ मध्ये रशियाच्या झार पीटरने विकत घेतला. हवेने जो पडदा दिसला तो हवा नसताना पाण्याने उचलून धरलेला असतो, हे मात्र त्यालाही सुचले नाही.

रोममध्ये अंतोनियो पाकिओनीने ड्यूरावर अनेक वर्षे घालवली. ड्यूरा हा स्नायू आहे, तो आकुंचन पावतो आणि मेंदूतला रस मज्जातंतूंमध्ये ढकलतो, असा त्याचा सिद्धांत होता. तो सपशेल चुकीचा निघाला. पण ड्यूरा निरखताना डोक्याच्या मध्यरेषेवर, मोठ्या रक्तपाटाच्या दोन्ही बाजूंना, खसखशीच्या दाण्यांसारख्या गाठी त्याच्या नजरेला पडल्या आणि १७०५ मध्ये त्याने त्यांचे वर्णन छापले. त्याला त्या ग्रंथी वाटल्या. कवटीच्या आतल्या बाजूला या दाण्यांचे खळगे उमटलेले असतात. सुकलेली कवटी हातात घेऊन उजेडाकडे धरली तर ते सहज दिसतात. दाणे कशासाठी आहेत, हे कळायला पावणेदोनशे वर्षे लागली, कारण त्यांच्यातून जे वाहते त्या द्रवावरच कोणाचा विश्वास नव्हता.

विश्वास नसण्याचे कारण विच्छेदनाच्या टेबलावर होते. मेंदू तपासायचा तर आधी डोके धडापासून कापून वेगळे करायचे, असा सर्वत्र प्रघात होता. मान कापली की मेंदूभोवतालचे आणि कण्यातले पाणी वाहून जाई, आणि मग उघडलेल्या डोक्यात ते सापडत नसे. नेपल्सचा तरुण वैद्य डोमेनिको कोतुन्यो याने १७६४ मध्ये सायटिकावर लिहिलेल्या पुस्तकात हे पहिल्यांदा ठणकावून सांगितले. त्याने डोके न कापता प्रेत उभे ठेवले आणि कमरेच्या मणक्यांपाशी, तळाशी, आवरण छेदले. पाणी भळभळून बाहेर आले. मज्जारज्जू आणि आवरण यांच्यामध्ये हवा किंवा वाफ असते, हा जुना समज एका छेदात निकालात निघायला हवा होता. पण पुस्तक सायटिकाचे होते आणि मेंदूवाल्यांनी ते फारसे वाचले नाही. त्याच्या वीस वर्षे आधी स्वीडनमध्ये एमानुएल स्वीडनबोर्गनेही या द्रवाविषयी लिहून ठेवले होते. तो मुळात खाणींचा अधिकारी, पुढे देवदूतांशी बोलणारा गूढवादी. त्याचे हस्तलिखित छापले गेले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

द्रव सर्वांच्या गळी उतरवला तो पॅरिसच्या फ्रान्स्वा माजांदीने. १८२५ पासून त्याने जिवंत जनावरांवर प्रयोग करून दाखवले की हे पाणी मेल्यावर साचत नाही, जिवंतपणीच असते. आज वापरात असलेले सेरेब्रोस्पायनल द्रव हे नाव मूळ त्याचे. मेंदूच्या आतल्या पोकळ्या आणि बाहेरची जागा यांना जोडणारे भोकही त्याने दाखवले, ते अजून त्याच्या नावाने ओळखले जाते. वाहण्याची दिशा मात्र त्याने उलटी धरली. पाणी आवरणात तयार होऊन आत पोकळ्यांत जाते, असे त्याला वाटले. खरी दिशा स्टॉकहोमच्या आक्सेल की आणि गुस्ताफ रेत्सियस यांच्या १८७५-७६ मधल्या दोन प्रचंड खंडांत दिसते. त्यांनी निळा रंग घातलेले पातळ जिलेटिन प्रेतांच्या आवरणांत हलक्या दाबाने सोडले, ते गोठू दिले आणि मग काप घेतले. निळा रंग पाकिओनीच्या दाण्यांतून रक्ताच्या पाटांत पोहोचला होता. पाणी मेंदूच्या पोकळ्यांत तयार होते, बाहेर येते, आवरणांमधून फिरते आणि रक्तात परत जाते. एका वेळी ते जेमतेम १५० मिलिलिटर असते, पण दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास नवे तयार होते. त्या खंडांतली रंगीत चित्रे आजही पुस्तकांत पुन्हा पुन्हा छापली जातात.

हे सगळे चालू असताना माणसे या आवरणांच्या दाहाने मरतच होती. एडिंबरोच्या रॉबर्ट व्हिटने अशी वीस मुले पाहिली. आधी चिडचिड आणि उलटी, मग नाडी मंद, मग पुन्हा जोरात आणि शेवट. त्याच्या मृत्यूनंतर १७६८ मध्ये छापलेल्या पुस्तकात त्याने याला मेंदूतील जलसंचय म्हटले. ही मुले क्षयाच्या आवरणदाहाची होती, हे आज वर्णन वाचताच कळते. १८०५ मध्ये जिनिव्हात व्ह्यूसोने एका साथीचे वर्णन केले. त्यात धडधाकट माणसे एका दिवसात जात होती. तिचा जंतू व्हिएन्नाच्या आंतोन वाइक्सेलबाउमने १८८७ मध्ये वेगळा केला. मराठी वर्तमानपत्रे ‘मेंदूज्वर’ हा एकच शब्द मेंदूच्या आणि आवरणांच्या अशा दोन्ही दाहांना लावतात. रोग वेगळे आहेत, उपचारही वेगळे. शब्दही वेगळे असायला हवेत.

आवरणे सुजली की ती ताणली गेलेली सहन होत नाहीत. सेंट पीटर्सबर्गच्या व्लादिमिर केर्निगने १८८०च्या दशकात या एका गोष्टीवरून खाटेशेजारी करायची तपासणी दिली. रुग्णाची मांडी पोटाकडे वाकवायची आणि मग गुडघा सरळ करायला जायचे. निरोगी माणसाचा पाय सरळ होतो. आवरणदाह असेल तर तो मध्येच अडतो, कारण पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची मुळे कण्यातल्या आवरणांना खाली ओढतात. यंत्राशिवाय, अर्ध्या मिनिटात होणारी ही तपासणी अजून केली जाते.

नक्की निदान हवे तर पाणीच हवे, आणि ते जिवंत माणसाच्या पाठीतून काढायचे तर मज्जारज्जूला सुई लागण्याची भीती. त्यावरचा उपाय शरीरानेच करून ठेवला आहे. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. आवरणांची पाण्याने भरलेली पिशवी मात्र त्रिकास्थीपर्यंत खाली जाते. मधल्या भागात पाण्यात तरंगणारे मज्जातंतूंचे सुटे दोरे असतात आणि सुई आली की ते बाजूला सरतात. लंडनमध्ये वॉल्टर विंटरने १८८९ पासून चार रुग्णांवर कातडीला छेद देऊन नळी घालून पाणी काढले. जर्मनीतल्या कील येथे हाइनरिख क्विंकेने नुसती पोकळ सुई वापरली आणि १८९१ मध्ये वीसबाडेनच्या वैद्यक परिषदेत ती पद्धत मांडली. त्याने पाण्याचा दाब मोजला, त्यातली प्रथिने पाहिली. पाठीतले पाणी काढले की पाय लुळे पडतात, ही रुग्णालयांच्या बाकांवर अजून ऐकू येणारी भीती आहे. सुई जिथे टोचतात तिथे मज्जारज्जू नसतोच.

त्याच कीलमध्ये १८९८ च्या ऑगस्टमध्ये शल्यविशारद ऑगस्ट बीरने त्या पाण्यात कोकेन सोडून कमरेखाली भूल दिली. शस्त्रक्रिया सोपी झाली, पण रुग्णांना नंतर डोकेदुखी आणि उलट्या होत. असे का होते हे पाहायला बीरने स्वतःच्या पाठीत सुई घालून घेतली. सुई घालणारा त्याचा मदतनीस हिल्डेब्रांट. ऐन वेळी पिचकारी सुईत बसेना. कोकेन वाया गेले आणि बीरच्या पाठीतून पाणी गळत राहिले. मग जागा बदलल्या आणि सुई हिल्डेब्रांटच्या पाठीत गेली. या वेळी भूल चढली. ती खरी आहे का हे पाहण्यासाठी बीरने त्याच्या मांडीत सुया टोचल्या, नडगीवर लोखंडी हातोडी मारली, पायावर पेटती चुरूट टेकवली, केस उपटले. हिल्डेब्रांटला काही कळले नाही. रात्री दोघांनी जेवताना वाइन आणि चुरुटांवर आनंद साजरा केला. दुसऱ्या दिवशी हिल्डेब्रांटच्या नडग्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या, आणि बीर नऊ दिवस डोके वर करू शकत नव्हता. आडवे पडले की बरे, उठून बसले की असह्य. डोकेदुखी कोकेनची नव्हती; ड्यूराला पडलेल्या भोकातून पाणी गळत राहिल्याची होती. आज सिझेरियनसाठी कमरेतून भूल देताना केसासारखी बारीक सुई वापरतात, ती बीरच्या या नऊ दिवसांमुळे.

सुईने उपचाराचीही वाट उघडली. न्यूयॉर्कमध्ये सायमन फ्लेक्सनरने घोड्यांच्या रक्तापासून केलेला सीरम थेट पाठीतल्या पाण्यात सोडला. १९१३ मध्ये त्याने आवरणदाहाच्या सुमारे तेराशे रुग्णांचा हिशेब मांडला. त्यात मृत्यूचे प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास होते. सीरमशिवाय दहापैकी सात-आठ रुग्ण दगावत. १९३० च्या दशकात सल्फा औषधे आली, मग पेनिसिलिन. क्षयाच्या आवरणदाहातून मात्र मूल वाचले असे क्वचितच घडे. तिथे १९४० च्या दशकातल्या स्ट्रेप्टोमायसिनने पहिल्यांदा आशा दाखवली. भारतात बाळाला जन्मतःच बीसीजी टोचतात, त्याचा सर्वांत खात्रीचा फायदा लहान मुलांना या रोगापासून मिळणारे संरक्षण हाच आहे.

आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात कोरड्या, धुळीच्या दिवसांत आवरणदाहाच्या साथी येत. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांहून अधिक माणसे आजारी पडली आणि पंचवीस हजार दगावली. लस करता येण्यासारखी होती; पण ज्यांना ती हवी त्यांना परवडणार नाही, म्हणून मोठ्या कंपन्यांना तिच्यात रस नव्हता. आफ्रिकी देशांची अट होती पन्नास सेंटच्या आत एक मात्रा. जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थेच्या प्रकल्पासाठी ती बनवण्याचे काम पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने घेतले. जंतूची शर्करा अ‍ॅम्स्टरडॅमहून येई, धनुर्वाताचे प्रथिन पुण्यात तयार होई, आणि दोन्ही जोडण्याचे तंत्र अमेरिकी सरकारी प्रयोगशाळेचे होते. मेनआफ्रीव्हॅक ही लस ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोमध्ये टोचायला सुरुवात झाली. ४० अंशांपर्यंतच्या तापमानात ती चार दिवस बर्फाविना ठेवता येते, असे पुढे प्रमाणित झाले. जिथे बर्फाच्या पेट्या न्यायच्या म्हणजे गाढवांची रांग, तिथे याचे मोल मोठे होते. तीस कोटींहून अधिक लोकांना ती मिळाली आणि ती ज्याच्यावर होती त्या जंतूच्या ‘ए’ गटाच्या साथी थांबल्या. इतर गट उरलेच. त्यांच्यासह पाच गटांवरची पुण्यातलीच पुढची लस २०२४ मध्ये नायजेरियात पहिल्यांदा वापरली गेली.

आवरणांतून उगवणाऱ्या गाठींचा इतिहास स्वतंत्र लेखाचा आहे. अठराव्या शतकात आंत्वान लुईने कवटी फोडून बाहेर येणाऱ्या अशा वाढींना ड्यूराची अळंबी म्हटले. त्या बहुधा अ‍ॅरॅक्नॉइडच्या पेशींतून उगवतात हे नंतर कळले. हार्वी कुशिंगने १९२२ मध्ये मेनिन्जिओमा हे नाव दिले. नाव देताना त्याने गाठ नेमक्या कोणत्या आवरणाची हे मुद्दामच उघडे ठेवले, आणि ते शहाणपणाचे ठरले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा उघडण्याच्या पद्धतीवर यावे लागले. ड्यूरा आणि अ‍ॅरॅक्नॉइड यांच्यामध्ये एक फट असते, असे प्रत्येक पाठ्यपुस्तकात होते. मार लागल्यावर तिथे रक्तही साचते. १९९० च्या दशकात ड्युएन हेन्सने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातल्या पुराव्यावरून दाखवले की तिथे फट नसते. ड्यूराच्या सर्वांत आतल्या पेशी एकमेकींना सैल धरून असतात. रक्ताने किंवा विच्छेदकाच्या चिमट्याने तो थर फाटतो आणि फाटलेल्या जागेला फट म्हटले जाते. पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेली ती जागा विच्छेदकांच्या हातांनीच तयार झाली होती.

याच्या उलटही घडले. इटलीच्या पाओलो मास्कान्यीने १७८७ मध्ये पारा भरून शरीरातल्या लसिकावाहिन्यांचा नकाशा काढला, आणि ड्यूरातही त्या दिसल्याचे नोंदवले. मेंदूला लसिकावाहिन्या नाहीत हा नियम पुढे इतका पक्का झाला की त्याची नोंद भ्रम ठरली. २०१५ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात आंत्वान लुव्हो उंदरांची आवरणे पाहत होता. नेहमीप्रमाणे ती सोलून मग रसायनात घट्ट करण्याऐवजी त्याने कवटीच्या वाटीला चिकटलेली असतानाच घट्ट केली आणि नंतर अख्खी उचलली. रक्ताच्या पाटांच्या कडेने लसिकावाहिन्या स्पष्ट उमटल्या. हेलसिंकीच्या एका गटाला त्याच वर्षी स्वतंत्रपणे तेच दिसले, आणि दोन वर्षांत माणसांतही त्या एमआरआयवर दिसल्या.

२०२३ च्या जानेवारीत कोपनहेगन आणि रोचेस्टर येथील संशोधकांनी अ‍ॅरॅक्नॉइड आणि पाया मेटर यांच्यामध्ये, नुसत्या काही पेशींच्या जाडीचे एक चौथे आवरण असल्याचा दावा केला. ते स्वतंत्र आवरण नसून अ‍ॅरॅक्नॉइडचाच आतला थर आहे, असे इतर अनेक शरीररचनातज्ज्ञांचे म्हणणे आहे. पाठ्यपुस्तकांत अजून तीनच छापली जातात.